पाजत नाही म्हणून दिलेला अंगठा

‘अंगावर दूध नाही हो’ असं एखादी बाळंतीण म्हणाली की मी तिच्या अंगाकडे बघतच नाही. तिच्या मागे कोण उभं आहे ते बघते. मागे सासू असते, नाहीतर नणंद, नाहीतर शेण काढायचा राहिलेला गोठा, नाहीतर चिखल करून ठेवलेलं भाताचं खाचर. खरोखर दूध नसलेल्या बाया मी उभ्या नोकरीत फार थोड्या पाहिल्या. पाजू न दिलेल्या मात्र ढिगाने पाहिल्या, आणि त्यातली एक माझ्या हातची आहे.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. निवृत्त झाले तेव्हा शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि मावळातल्या माता-बालकांसाठी बाईंनी आयुष्य वेचलं असं एक गृहस्थ माइकवर बोलले. मी मान खाली घालून बसले होते. लोकांना वाटलं, काय तो विनय. कसला विनय न् कसलं काय, मला तिथून उठून जायचं होतं.

माझं माहेर लोणावळ्याचं आणि सासरही लोणावळ्याचंच. वडील रेल्वेत होते, नवराही रेल्वेत, घाट चढवणाऱ्या इंजिनांच्या शेडमध्ये. मी पुण्याला नर्सिंग शिकले आणि माझी नेमणूक बेडशाच्या बाजूला झाली, लेण्यांच्या डोंगराखाली. लोणावळ्याहून गाडीने कामशेत, तिथून मिळाली तर एस.टी., नाहीतर पायपीट. पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. एकीत टेबल, खाट आणि वजनाचा काटा, दुसरीत माझा स्टोव्ह. वय चोवीस. पांढरी साडी नेसून निघाले की वाटायचं, या सगळ्या मुलखाला आता मीच काय ती अक्कल शिकवणार.

शिकवण्यासारखं होतंही, नाही असं नाही. त्या भागात बाळंतिणीला पहिले तीन दिवस पाजू देत नसत. पहिलं दूध, म्हणजे चीक, तो घाण समजायचे. पिवळट, चिकट, पोराला बाधतो म्हणे. तो पिळून राखेत टाकायचा आणि पोराच्या तोंडात कापसाच्या बोळ्याने गुळाचं पाणी नाहीतर शेळीचं दूध पिळायचं. वर मधाचं बोट. आणि त्याच घरात म्हैस व्याली की तिच्या चिकाचा खरवस व्हायचा आणि आळीभर वाट्या फिरायच्या. म्हशीचा चीक गोड आणि बाईचा चीक घाण. हे मी एकदा एका आजीबाईंना तोंडावर विचारलं. त्या म्हणाल्या, ‘म्हस काय बाईमानूस हाय व्हय?’ आणि माझ्या हातावर खरवसाची वडी ठेवली. मी ती खाल्ली.

चौथ्या दिवसापासून पाजणं सुरू व्हायचं, पण तेही सगळ्यांची सोय बघून. लावणीच्या दिवसांत आई गुडघाभर चिखलात आणि पोर बांधावर झोळीत. पोर रडलं म्हणून आईने हातातली रोपं टाकायची नाहीत. ओळ संपली की मग. ओळ कधी संपायची ते सासू ठरवणार, नाहीतर ज्याचं रान तो ठरवणार. काही घरांत पोराला अफूचा कण चाटवून ठेवायचे, आणि आमचं पोर किती गुणाचं, दिवसभर हू का चू करत नाही, असं कौतुक वर. कुणाला चांगलं दूध आलं की दृष्ट लागेल म्हणून तिने चारचौघींत पाजायचं नाही. दिवस पुन्हा राहिले की ते दूध विषारी. एक बाई आणि तिचं पोर यांच्यामध्ये इतकी माणसं उभी असतात हे मला पुण्याच्या वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

मी भांडायचे. माझी जीभ तेव्हाही सुरीसारखी होती. बायका मला भ्यायच्या, आणि खरं सांगते, मला ते आवडायचं.

आता माझं स्वतःचं सांगते, नाहीतर सगळं एकतर्फी होईल. माझा मुलगा अडीच महिन्यांचा झाला आणि माझी रजा संपली. त्याला सासूबाईंजवळ ठेवलं, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. काचेची बाटली आणली, गुटगुटीत बाळाचं चित्र असलेला दुधाचा डबा आणला, आणि मी कामावर हजर झाले. घरी जायचं ते शनिवारी संध्याकाळी. पहिले पंधरा दिवस छाती दगडासारखी झाली, ताप भरला. जुन्या लुगड्याची पट्टी आवळून बांधायचे आणि पोलक्यात फडक्याच्या घड्या घालायचे. त्या तशा अवतारात मी बायकांना सांगायचे, आईच्या दुधासारखं दुसरं काही नाही, सहा महिने दुसरं काही देऊ नका. दुपारी दार लावून मी ते मोरीत पिळून टाकत होते. त्या बायका निदान राखेत टाकायच्या.

नोकरी सोडायचा विषय घरात कुणी काढला नाही. मीच काढू दिला नाही. सगळा दोष परिस्थितीवर ढकलून मला मोकळं व्हायचं नाही. मला ती पांढरी साडी सोडवत नव्हती.

अशात तालुक्याहून दुधाच्या पावडरीची पिपं आली. परदेशातून आलेली, कुपोषित मुलांसाठी. ज्या आईच्या अंगावर दूध नाही तिलाच द्यायची, असं डॉक्टरसाहेबांनी बजावलं होतं. पण दूध नाही हे ठरवायचं कसं, ते काही सांगितलं नाही. पहिल्या वजनाच्या दिवशी सगळा गाव डबे घेऊन आला. सहा वर्षांच्या पोराची आई आली, ज्या घरात पाळणाच नाही त्या घरची आजी आली. पुढच्या आठवड्यात मी घरोघर गेले तर सगळीकडे पांढरा चहा. त्याआधी मला कोरा चहा मिळायचा, कारण दारात म्हशी असल्या तरी दूध भल्या सकाळी कामशेतला जायचं आणि तिथून गाडीने पुण्याला. घरात थेंब राहायचा नाही. पावडर आली आणि घरातला चहा पांढरा झाला, पाहुण्यांपुढे मान वर झाली. त्यांचंही काय चुकलं म्हणा. पण तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लहान पोरांच्या तोंडचं हे थेरडे पितात म्हणून मी चिडले आणि यांना धडा शिकवायचा असं ठरवलं.

तर ही अक्कल माझीच. पावडर वाटपाच्या रजिस्टरच्या प्रत्येक पानावर मी वर एक मजकूर लिहून काढला. माझं अक्षर सुरेख होतं, मास्तरीणबाई वर्गात वही फिरवायच्या. ‘माझ्या अंगावर दूध नाही. मी मुलाला पाजत नाही. हे खरे आहे.’ हे मोठ्याने वाचून दाखवायचं आणि त्याखाली बाईचा अंगठा घ्यायचा. खोटं बोलणाऱ्या बायका अंगठ्याला भितील, असा माझा हिशेब. आणि तो बरोबर निघाला. पुढच्या वेळी गर्दी निम्म्यावर आली. डॉक्टरसाहेब म्हणाले, बाई, तुम्ही हुशार आहात. मी दोन दिवस तरंगत होते.

अंगठ्याला लोक का भितात याचा मी विचारच केला नव्हता. वरच्या अंगाला धरणाचं काम निघालं होतं. ज्यांनी कागदावर अंगठे दिले त्यांची रानं गेली, घरं गेली. अंगठा दिला की ती वस्तू आपली राहत नाही, मग तुम्ही रडा नाहीतर डोकं आपटा, एवढं तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मला शिकलेलीला ठाऊक नव्हतं.

ती माझ्या हातची बाळंतीण. अठरा-एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण. माहेर धरणाच्या बाजूचं, बापाची जमीन त्यातच गेलेली. सासर लेण्यांखालच्या गावात, बऱ्यापैकी भातशेती आणि चार म्हशी असलेलं. त्यांची सुईण ऐनवेळी आजारी पडली म्हणून मला बोलावणं आलं. सकाळी दहाच्या सुमाराला मुलगी झाली. मुलगी म्हटल्यावर सासू जी बाहेर गेली ती गोठ्यात जाऊन बसली, आणि तिच्या त्या रुसण्याने माझं काम सोपं केलं. मी दार लोटलं आणि पोरीला सरळ आईच्या छातीला लावलं. ती घाबरली, चीक आहे म्हणाली. मी म्हटलं, असू दे, पाज, मी आहे ना. पोरीने असं घट्ट धरलं की आईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसायलाच लागली. कुणाला सांगू नका, एवढंच म्हणाली.

पुढचे तीन दिवस मी बाळंतिणीला बघायचं निमित्त करून रोज जायचे, दार लोटायचे, आणि आम्ही दोघी सासूच्या नाकावर टिच्चून त्या पोरीला पाजायचो. सासू गुळाच्या पाण्याचा बोळा घेऊन आली की पोर तोंड फिरवायची. सासू म्हणायची, पोर लय नाजूक निघाली, काय घेतच न्हाई. आम्ही एकमेकींकडे बघायचो आणि हसू दाबायचो. माझ्या सगळ्या नोकरीत इतकी मजा मला पुन्हा कधी आली नाही. तिच्या पोरीच्या अंगावर महिन्याभरात असं काही बाळसं चढलं की मीच मनातल्या मनात दृष्ट काढायचे.

आणि दोन महिन्यांनी, वजनाच्या दिवशी, सासू तिला पुढे घालून आली. काखेत डबा. म्हणाली, हिला दूध न्हाई, पोर उपाशी राहतीया, पावडर द्या. मी काट्याच्या झोळीत पोरीला घातलं. मांड्यांना वळ्या होत्या. मी आईकडे बघितलं. ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती, आणि तिच्या चोळीवर ओला डाग पडला होता.

मला सासूचा राग आला नाही, तिचा आला. वाटलं, तीन दिवस मी चोरासारखी दार लावून हिच्यासाठी बसले आणि ही माझ्या तोंडावर खोटं बोलते. सासूसमोर त्या पोरीने तोंड कसं उघडायचं होतं, हे आज मी सांगू शकते. त्या दिवशी माझ्या डोक्यात फक्त माझा अपमान होता. म्हटलं, बघू कुठवर रेटते.

मी मजकूर वाचला. एकदा नाही, दोनदा वाचला, सावकाश. सासू म्हणाली, ‘खरं हाय.’ मी म्हटलं, मावशी तुम्ही थांबा, जिचं दूध तिने सांगायचं. तिने नुसती मान हलवली. मग मी तिचा हात धरला, अंगठा शाईच्या पॅडवर दाबला आणि कागदावर उठवला. आणि एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी वर म्हणाले, ‘आता तू अंगठा दिलायस. खोटं निघालं तर सरकार विचारील, आणि मलाही विचारील.’

मला तिला लाज आणायची होती. घरी जाऊन रडेल, दुसऱ्या दिवशी डबा परत आणून देईल, असं माझं गणित. डबा आला नाही.

आणि मला त्याचं पुढे काही बघायला वेळही झाला नाही, कारण त्याच आठवड्यात लोणावळ्याहून निरोप आला की मुलाला जुलाब होताहेत. मी धावत गेले. बाटलीचं बूच हुंगून बघितलं आणि मला कळलं काय झालंय ते. सासूबाई बिचाऱ्या बाटली धुवायच्या, पण मला जसं शिकवलं होतं तशी उकळायच्या नाहीत, आणि मी त्यांना कधी नीट दाखवलंही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, बाटली फेकून द्या, अंगावर घ्या. मी म्हटलं, आता दूध कुठलं. ते म्हणाले, तुम्ही नर्स ना? लावून तर बघा. लावून बघितलं. दोन दिवस तो नुसता ओढायचा आणि रडायचा, मीही रडायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी दूध उतरलं. तीन आठवड्यांत मुलाने उभारी धरली. मग रजा संपली, आणि मी त्याला पुन्हा सासूबाईंच्या मांडीवर ठेवून कामावर आले. या वेळी बाटलीऐवजी वाटी-चमचा. एवढीच सुधारणा.

परत आल्यावर पहिल्याच वजनाच्या दिवशी ती पहिलटकरीण आली नाही. मी संध्याकाळची वाट न बघता दुपारीच तिच्या घरी गेले. राब भाजायचे, म्हणजे भात पेरण्याआधी रानात पालापाचोळा जाळायचे दिवस होते, सगळ्या शिवारात धूर. सासू रानातून नुकतीच आलेली, तोंड काळं झालेलं. सून ओटीवर पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. पोरीच्या मांडीच्या वळ्या गेल्या होत्या आणि तिथे सैल कातडी लोंबत होती. डोळे खोल. टाळू खाली गेलेली, दुपटं जुलाबाने भिजलेलं. रडत होती ते मांजराच्या पिलासारखं, दम नसल्यासारखं.

मी विचारलं पावडर कशी देता. सासूने तांब्या दाखवला. तांब्याभर पाण्यात एक चमचा. पाणी विहिरीचं, तसंच. बाकीची पावडर चुलीजवळ, चहाच्या डब्याशेजारी. मी सासूला काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण पलीकडच्या घरातल्या बाया बाहेर आल्या एवढं आठवतं. मग मी तिच्याकडे वळले आणि म्हटलं, तू काय करतेस, तू का नाही पाजत तिला?

ती म्हणाली, ‘म्या अंगठा दिलाय की बाई. पाजत न्हाई म्हून.’

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणते ते. तिला वाटलं माझा विश्वास बसत नाही. तर मला समजावून सांगितल्यासारखं म्हणाली, ‘एकदाबी पाजलं न्हाई. लय रडली तरी न्हाई. तुमाला सरकार इचारंल म्हनला व्हता ना. तुमच्यावर बोल येऊ दिला न्हाई म्या.’

मी ओटीवर बसले. पहिले आठ दिवस ती गोठ्याच्या मागे जाऊन दूध पिळून टाकत होती. मग म्हणाली, आपोआप ऱ्हायलं. सासूला याचा पत्ताच नव्हता. सासूला फक्त चहापुरती पावडर हवी होती, नातीला पाजू नको असं ती कधी म्हणाली नव्हती. ते मी लिहून घेतलं होतं, माझ्या सुरेख अक्षरात.

मी म्हटलं, त्या अंगठ्याला काही अर्थ नाही, तू आत्ता पाज. तिने लगेच पाजायला घेतलं. पोरीने दोन-चार वेळा ओढलं, सोडलं, आणि रडायला लागली. पुन्हा लावलं, पुन्हा सोडलं. काहीच नव्हतं. ते रडणं ऐकून माझ्या छातीत कळ आली आणि माझं दूध सुटलं. घड्या भिजल्या, पोलकं भिजलं. आई झालेलीला हे सांगायला नको, दुसऱ्याचं पोर रडलं तरी अंगाला कळतं. एवढंसं काम होतं. हात पुढे करायचा आणि पोरीला घ्यायचं.

मी पदर पुढे ओढून घेतला.

कारणं आहेत ना, पुष्कळ आहेत. मी सरकारी नर्स, कुणाच्या ओटीवर बसून कुणाचं पोर कसं पाजू. बाया बघताहेत. डॉक्टरसाहेबांच्या कानावर गेलं तर. पोरीला जुलाब आहेत, माझ्या मुलाला काही लागलं तर. असं एकेक मनात येत गेलं आणि तोवर पोर रडून रडून गप्प झाली. मग मी नर्ससारखी बोलले. पाणी उकळून गार करा, साखर आणि मिठाची चिमूट घाला, चमच्याने देत राहा, आणि आत्ताच्या आत्ता तळेगावला मोठ्या दवाखान्यात न्या. सासू म्हणाली, उद्याच्याला नेऊ, आज राब पेटवलाय. मी फार ताणून धरलं नाही. मलाही तिथून निघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी नेली. कामशेतपर्यंतही पोचली नाही.

मृत्यूची नोंद माझ्याकडेच असायची. कारणाच्या रकान्यात मी ‘हगवण’ लिहिलं. खोटं नव्हतं. मग पावडरीचं रजिस्टर तपासणीला तालुक्याला गेलं आणि परत आलं नाही, कारण डॉक्टरसाहेबांना तो मजकूर इतका आवडला की त्यांनी तो बाकीच्या केंद्रांतल्या नर्सबायांनाही उतरवून घ्यायला लावला. मला बैठकीत उभं करून कौतुक केलं. तेव्हा मी सांगू शकले असते. सगळ्या जणी माझ्याकडे बघत होत्या, मी हसले आणि बसले. पुढे वर्षभरात पावडर यायची बंद झाली आणि तो विषय संपला. किती जणींनी तो अंगठा तसाच खरा मानला असेल, ते मी कधी शोधायला गेले नाही.

तिच्या घरावरून जाताना मी वाट बदलायचे. ती मात्र बाजाराच्या दिवशी भेटली की थांबायची, बाई बऱ्या हायसा का म्हणून विचारायची. कधी एका शब्दाने बोलली नाही मला. बोलली असती तर बरं झालं असतं. तिने मला दोषच दिला नाही, तिच्या मनात तसं आलंच नव्हतं. तिच्या हिशेबी आम्ही दोघी एका बाजूला होतो आणि सरकार एका बाजूला.

दीड वर्षाने तिला दुसरं झालं. या वेळी सुईण धडधाकट होती, पण तिने हट्ट धरला की बाईंनाच बोलवा. दुपारी बाळंत झाली. मुलगा. सासूला आनंद मावेना, ती या वेळी गोठ्यात गेली नाही, खोलीतच ठाण मांडून बसली. पहिली नात गेल्यापासून तिच्यातही फरक पडला होता. बोळाबिळा काही नको, चीक तर चीक, बाई म्हनत्यात तसं कर, असं तीच सुनेला म्हणाली. मी पोर पुसलं, गुंडाळलं, आणि आईच्या कुशीत दिलं.

तिने ते घेतलं नाही. पोर शेजारी ठेवलं होतं, तोंड उघडून शोधत होतं, आणि ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, अगं घे, पाज. तर म्हणाली, ‘त्यो अंगठा खोडला का?’

मी सांगितलं, ते सगळं कधीच संपलं, पावडर बंद झाली, वही तालुक्याला गेली, आता कुणी विचारत नाही. ती ऐकत होती. मग पुन्हा तेच, ‘खोडला का पर?’ सासू मध्ये पडली, अगं बाई सांगत्यात ना. ती सासूकडे बघायलाच तयार नाही. पोर रडायला लागलं. तिच्या चोळीवर ओल यायला लागली होती, आणि तिने दोन्ही हात पोटाशी घट्ट बांधून घेतले होते.

मला म्हणाली, ‘लिव्हून द्या.’

मी पिशवीतून कागद काढला. गुडघ्यावर धरून लिहिलं, ‘ही बाई आपल्या मुलाला पाजते. तिला कोणाची हरकत नाही.’ खाली सही केली आणि वाचून दाखवलं. तिने कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि परत दिला. सही नको म्हणाली. सहीने काय होतं ते तिला ठाऊक नव्हतं, अंगठ्याने काय होतं ते ठाऊक होतं. मी फाउंटनपेन उघडलं, निबातली शाई माझ्या अंगठ्याला फासली आणि माझ्या नावावर अंगठा उठवला.

ती म्हणाली, वाळू द्या. कागद उशाशी ठेवून ती त्याच्याकडे बघत पडून राहिली, आणि तो वाळेपर्यंत तिने रडणाऱ्या पोराला हात लावला नाही.